दोनशे ग्रॅमचे वजन

३ सप्टेंबर १९६२

आज पेटी माझ्या ताब्यात आली. सागवानी पेटी, आत निळी मखमल, मखमलीच्या खोबणींत पितळेची वजने. एक ग्रॅमपासून पाचशे ग्रॅमपर्यंत. मोठ्या वजनांच्या तळाला गोल खाच आहे. खाचेच्या बुडाशी शिसे, शिशावर मोहर. सोबत प्रमाणपत्र. पुढची तपासणी ऑगस्ट १९६३.

अप्पासाहेबांनी खोलीत बोलावले. ते बेळगावचे. भाषावार राज्ये झाली तेव्हा इकडे बेंगळुरात आले आणि आमचे साहेब झाले.

"शेर गेला, पौंड गेला, किलो आला. दुकानातली मापं बघून झाली. आता पुडे बघा, बिंदुमाधवराव. पुड्यावर दोनशे ग्रॅम छापलंय, आत दोनशे आहे का? बंद पुडा कोण फोडून बघतोय? चोर तिथंच बसलाय बघा."

चौदा वर्षे मी या खात्यात कागद लिहिले. आता लोकांच्या दारात उभे राहायचे आहे. मला बोलता येत नाही. पण काट्यापुढे बोलावे लागत नाही, हे बरे.

वजनाला बोट लावायचे नाही. घाम पितळेला चिकटतो. चामड्याच्या तुकड्यात बोंडी धरून उचलायचे आणि ठेवायचे. शिपाई मानसिंगला हे दोनदा सांगितले. तो म्हणाला, "साहेब, मी पेटी उचलीन. आतलं तुमचं."

१९ सप्टेंबर

पंधरा दिवसांत एकसष्ट पुडे फोडले. सगळे बरोबर. दोन तर जास्त भरले.

अप्पासाहेब हसत म्हणाले, "काय हो, बेंगळुरात सगळे हरिश्चंद्रच राहतात?"

मला पाहता येत नसेल का, असे वाटत राहिले. चौदा वर्षे कारकुनी करून डोळा मेला असेल.

२६ सप्टेंबर

चामराजपेटेत पाचव्या रस्त्यावर सत्यवतीबाईंचे घर. पुढच्या दोन खोल्यांत चटणीपूड आणि मेतकूट तयार होते. दोनशे ग्रॅमची पाकिटे, पिवळा कागद, तुळशीचे चित्र. बाई पन्नाशीच्या, विधवा. माझे नाव ऐकल्यावर मराठीत बोलू लागल्या.

"तुम्ही अहल्याक्कांचे चिरंजीव ना? मठात दिसतात त्या मला."

मी हो म्हणालो आणि काटा मांडायला लागलो. ओळख निघाली की काम अवघड होते.

खोलीत सहा बायका खाली बसून भरत होत्या. त्यांतली सर्वांत म्हातारी ठकुबाई. बाकीच्या कागद दुमडतात, चिकटवतात. तोलते फक्त तीच. वीस वर्षे तोलते आहे. ढिगातून मूठ उचलते, पारड्यात टाकते, आणि काटा मधोमध येऊन थांबतो. एकदाही काढावे लागत नाही, घालावे लागत नाही. मग ती दोन बोटांची चिमूट आणखी घालते.

"हे काय?" मी विचारले.

"कोसरू," ठकुबाई म्हणाली. वर पाहिलेही नाही.

तोलून झाल्यावर वर घालायचे, त्याला इथे कोसरू म्हणतात. माझ्या लहानपणी प्रत्येक दुकानदार घालायचा.

सत्यवतीबाई म्हणाल्या, "किती सांगितलं, अक्का, आता ग्रॅमचं राज्य आहे, कोसरू बंद कर. ऐकेल तर शपथ."

"रिकाम्या हातानं पुडी बांधू काय?" ठकुबाई म्हणाली. "आमच्या सासऱ्यानं शिकवलंय. तोललेलं गिऱ्हाइकाचं, वरचं देवाचं."

तीन पाकिटे फोडली. दोनशे एक. दोनशे एक. दोनशे एक.

निघताना सत्यवतीबाई दारापर्यंत आल्या. "अण्णा, एक सांगते. आमचा माल सरकारी कारखान्याच्या कँटीनला जातो. तेच खरं गिऱ्हाईक. त्यांचा कागद मार्चला नवा होतो. शिक्षा झालेल्याचा माल ते घेत नाहीत. आमच्यात काही चुकत असलं तर आधी सांगा. या सहाजणींना दुसरं घर नाही."

मी म्हणालो, "चुकत नाही. तुमचं जास्तच आहे."

परत येताना मानसिंग म्हणाला, "या म्हातारीलाच पेटीत ठेवलं तर, साहेब? मखमल कमी पडेल तेवढीच."

७ ऑक्टोबर

महानवमी. आयुधपूजा. मानसिंगने सायकल धुऊन झेंडूची माळ घातली. मी पेटी घरी आणली होती. सगळेच आपापले हत्यार घरी आणतात.

आईने वजने पाटावर मांडून घेतली. तिने ती हातात धरली, मी धरू दिली. नंतर पुसून घेता येतात. तिने दोनशेचे उलटे करून पाहिले.

"बिंदू, याला खाली भोक आहे रे."

"असतं तसं."

"पोकळ वस्तू पुजू नये. दागिना पोकळ असला तर लाख भरून घेतो आपण."

"आई, ते सरकारी आहे."

"सरकारला पूजा लागत नाही काय? तुझी बढती किती वर्षं अडली आहे ते बघ."

मला मठात जायचे होते. निघताना तिने लाखेची कांडी मागितली. जप्त पुड्यांना मोहर करायला मी ती बाळगतो. कोट खुंटीला आहे, खिशात बघ, म्हणालो. देवघरातले काही निखळले असेल.

परत आलो तेव्हा वजनांना गंध, कुंकू, अक्षता. ती बाबांच्या वेळची चांदीची डबी उघडून बसली होती. तिच्या मंगळसूत्राचे मणी त्यात आहेत. मला पाहून डबी मिटली. सणाच्या दिवशी तिला बाबांची आठवण येते.

संध्याकाळी मी सगळी वजने चामड्याने पुसून पेटीत ठेवली. वरून, कडेने, बोंडीच्या खाली, जिथे कुंकू साचते तिथे.

११ ऑक्टोबर

पहिला सापडला. अव्हेन्यू रोड, सांबारपूड, दोनशे ग्रॅम. काटा वजनाकडे झुकला. पुडीच्या पारड्यात तीन ग्रॅम घातले तेव्हा समतोल झाला. एक ग्रॅमची सूट आहे. तीनची नाही.

दुकानदार हयवदन नावाचा मनुष्य. तो आधी हसला. मग काट्यापाशी वाकून पाहिले. मग घाम पुसला. "होणं शक्य नाही," एवढेच म्हणत राहिला. तीन नमुने घेतले, दोरा बांधला, लाख लावली, मोहर केली. एक त्याला, दोन आम्हांला.

तिन्ही मोहरा स्वच्छ उमटल्या. नोंद करून ठेवतो.

लाखेची कांडी निम्मी उरली आहे. मानसिंगला विचारले. तो म्हणाला, "लाख खातात काय साहेब?"

१७ ऑक्टोबर

आठवड्यात आणखी चार. सगळे दोनशेचे पुडे. पाचशेच्या पुड्यांत एकही खोट निघाली नाही. शंभरच्यांतही नाही. यावर विचार केला. पाचशेचा पुडा हॉटेलवाला घेतो, तो तोलून घेतो. शंभरचा गरीब घेतो, त्याचेही लक्ष असते. दोनशेचा आमच्यासारखा कारकून घेतो आणि छापलेले वाचून समाधान मानतो. चोर हुशार आहे. सगळे जवळजवळ सारखेच कमी भरतात, दोन नाहीतर तीन ग्रॅम. त्यांचे आपसांत ठरलेले दिसते.

हे टिपण अप्पासाहेबांना दिले. त्यांनी दोनदा वाचले. "आता कसं! चौदा वर्षं तुम्हांला कागदात पुरून ठेवलं होतं, राव."

घरी येताना पायाखाली रस्ता आहे असे वाटले. बऱ्याच वर्षांनी.

२४ ऑक्टोबर

बिस्किटांच्या कारखान्यात गेलो. सगळे लोक रेडिओपाशी उभे होते, सरहद्दीच्या बातम्या. दोनशेचे डबे फोडले. अडीच ग्रॅम कमी.

तिथला रसायनाचा मनुष्य उपेंद्र, पुण्याहून आलेला, तिशीचा, पांढरा कोट. तो न रागावता म्हणाला, "आमचं मशीन सकाळीच तपासलंय. एक करूया का, तुमचं वजन आमच्या बॅलन्सवर ठेवून बघू. एक मिनिट लागेल."

मी म्हणालो, "हे सरकारी वजन आहे. याच्यावर तुमचं तोलायचं. तुमच्यावर हे नाही."

"नियम आहे का तसा?"

"प्रमाणपत्र आहे."

तो म्हणाला, "बरं," आणि सही केली. सहीखाली इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, की तपासणाऱ्याच्या वजनाची शहानिशा करण्याची मागणी नाकारली.

२९ ऑक्टोबर

अप्पासाहेबांनी बिस्किटांचा कागद बाजूला काढला. "हा राहू दे."

"का, साहेब?"

"त्यांचा वकील त्या दोन ओळी घेऊन उभा राहील. वजनं मद्रासला पाठवा म्हणेल. वर्षभर पेटी कोर्टात. मग तुम्ही काय हातानं तोलणार? लहान बघा. लहान वाद घालत नाही."

म्हणजे मोठ्याला सोडायचे. हे असेच चालते, हे मला माहीत होते. समोर पाहिले नव्हते. रागाने जेवलो नाही. आई म्हणाली, "बढती मिळेपर्यंत तोंड मिटून राहा."

५ नोव्हेंबर

लिहायला जड जाते.

सत्यवतीबाईंकडे पुन्हा गेलो. यादीत नाव होते, टाळता आले असते. ओळखीची आहे म्हणून टाळले असे मलाच वाटले असते, म्हणून गेलो. खात्री होती की बरोबर निघेल.

दोन ग्रॅम कमी. पाचही पाकिटे. एकशे अठ्ठ्याण्णव.

सप्टेंबरात दोनशे एक होते. तपासणी होऊन गेली, मनुष्य निर्धास्त झाला, की हात आखडतो. बाजाराची हीच रीत आहे. पण इथे ते नसते तर बरे झाले असते.

सत्यवतीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बायका थांबल्या. ठकुबाई उठली, सरळ काट्यापाशी आली, आणि मी अडवायच्या आत तिने पारड्यातले दोनशेचे वजन उचलले. उघड्या हाताने, तिखट लागलेल्या हाताने. मुठीत धरून डोळे मिटले.

"हे जड आहे," ती म्हणाली.

"खाली ठेवा ते!"

"जड आहे हे. मागं आणलंत ते वेगळं होतं."

"तेच आहे. खाली ठेवा."

"अण्णा, वीस वर्षं तोलते मी. स्वल्प जड आहे."

बाकीच्यांतली एक हसली. सत्यवतीबाई म्हणाल्या, "अक्का, ठेव. साहेबांना काम करू दे." मी वजन चामड्याने पुसले. तिखटाचा डाग निघायला वेळ लागला. मग नमुन्यांना लाख लावली.

ठकुबाई माझ्या हातांकडे बघत होती. चोर असे बघत नाही, असे एकदा मनात आले. पण मी पाच पाकिटे तोलली आहेत. काट्याला मन नाही.

२० नोव्हेंबर

सत्यवतीबाई घरी आल्या. आईने कॉफी केली. त्या कपाला हात न लावता बोलल्या.

"वकील म्हणतो भांडायचं तर वर्ष जाईल. कबूल केलं तर एका दिवसात सुटका. पण मी कमी दिलं नाही, अण्णा. कमी दिलं असं मी कशी म्हणू?"

मी बराच विचार करून सांगितले. कबूल करा. पंचवीस रुपये दंड होईल, न्यायाधीश बाईमाणसाला बोलणार नाहीत. नाकारलेत तर पाच पाकिटे, माझी साक्ष, काटा, प्रमाणपत्र. टिकणार नाही. शिक्षा मोठी होईल.

"आणि कँटीन?"

"लहान दंड ते बघणार नाहीत. मी त्यांच्या साहेबाला चिठ्ठी देईन."

"तुम्ही सांगता म्हणून करते."

आई आतून म्हणाली, "माझा बिंदू कुणाचं वाईट सांगायचा नाही, सत्यवती."

त्या गेल्यावर मला हलके वाटले. कायद्याचेही झाले आणि ओळखीचेही.

१० डिसेंबर

कोर्ट. तीन मिनिटे. न्यायाधीशांनी कानडीत विचारले, कबूल आहे का. सत्यवतीबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग म्हणाल्या, "सरी," म्हणजे ठीक आहे. कारकुनाने लिहून घेतले. ठकुबाई बाहेर पायरीवर बसली होती. तिने मला ओळख दिली नाही.

१४ जानेवारी १९६३

सीनियर इन्स्पेक्टर. नऊ शिक्षा, नऊही कबुलीच्या. आदेशात तसे लिहिले आहे.

आईने संक्रांतीचा तिळगूळ माझ्या तोंडात घातला आणि एकटीच हसत राहिली. "दिलेलं वाया जात नाही," म्हणाली. काय दिले, विचारले. "कळेल," म्हणाली.

२ मार्च

कँटीनच्या साहेबाने माझी चिठ्ठी परत पाठवली. मागच्या बाजूला लिहिले आहे, शिक्षा झालेल्या पुरवठादारास मुदतवाढ देता येत नाही, क्षमस्व.

चामराजपेटेत जावे असे मनात होते. गेलो नाही. जाऊन काय सांगायचे?

२१ एप्रिल

मानसिंगला बाजारात कळले. सत्यवतीबाईंकडे आता दोघीच भरतात. ठकुबाईला काढले.

"का?"

"बाई म्हणतात, तुझ्या हातानं माझं नाव घालवलं. भांडण झालं म्हणे. म्हातारी रिकाम्या पारड्याला नमस्कार करून गेली."

तर असे होते. हात आखडला तो ठकुबाईचा. मालकिणीचा दोष नव्हता. हे ऐकून थोडे बरे वाटले, खोटे कशाला लिहू. वय झाले की बोटांतले जाते.

३१ ऑगस्ट

पेटी वार्षिक तपासणीहून परत आली. प्रमाणपत्र नवे, सर्व वजने मर्यादेत. प्रमाणपत्राला एक कागदाची पुडी टाचलेली. तिथल्या शेषगिरी नावाच्या मदतनिसाची चिठ्ठी:

"दोनशे ग्रॅमच्या वजनाच्या खाचेत परकी वस्तू होती, ती काढली. काढलेली वस्तू सोबत. तीन ग्रॅम. वस्तू काढल्यावर वजन बरोबर आहे."

पुडीत तांबड्या लाखेचे तुकडे होते. एका तुकड्यात सोन्याचा मणी.

मी तो मणी ओळखतो. लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवले की तो डोळ्यांपुढे असे.

खोलीचे दार लावले. पेटी उघडली. शंभर, पन्नास, वीस, वीस आणि दहा मिळून दोनशे होतात. ती एका पारड्यात ठेवली, दोनशेचे दुसऱ्यात. काटा मधोमध थांबला. हे मला गेल्या वर्षी कधीही करता आले असते. अर्धे मिनिट लागते.

१ सप्टेंबर

आईला विचारले. ती लपवीत नव्हती, मी विचारले नव्हते.

"पोकळ पुजू नये म्हणून भरलं. नुसती लाख कशाला, म्हणून एक मणी घातला. तुझ्या बढतीसाठी. झाली ना?"

"झाली."

"मग? आता काढला कुणी?"

मी म्हणालो, तपासणीत काढला.

"परत घालायचा काय?"

"नको."

तिला दिसायला कमी झाले आहे. माझा चेहरा तिने पाहिला नसेल.

४ सप्टेंबर

अप्पासाहेबांपुढे चिठ्ठी आणि पुडी ठेवली. सगळे सांगितले. त्यांनी मणी बोटावर घेऊन उजेडात पाहिला.

"आईचा?"

"हो."

"आईला देऊन टाका. आणि ही चिठ्ठी फायलीत लावू नका."

"साहेब, नऊ जण आहेत."

"नवांनी कबूल केलंय. कबूल केलेल्याला पुरावा लागत नाही, हो. आणि वजन बरोबर असल्याचं प्रमाणपत्र आहे. मागचंही आहे, आताचंही आहे. मधलं कुणी बघितलंय?"

"एका म्हातारीने बघितलं होतं."

"कुठं लिहिलंय?"

लिहिलेले नव्हते. या वहीखेरीज कुठेच नाही.

ते उठून खिडकीपाशी गेले. पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाले, "त्या बिस्किटवाल्यानं विचारलं तेव्हाच ठेवून बघायचं होतं राव. मी म्हणालो नाही, तुम्हीही म्हणाला नाहीत. आता घरी जा."

९ सप्टेंबर

चामराजपेटेत गेलो. चिठ्ठी खिशात होती. चार दिवस वाक्ये जुळवत होतो. अप्पासाहेब काहीही म्हणोत, सत्यवतीबाईंना सांगायचे असे ठरवून गेलो.

पुढच्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत. शिवणयंत्राचा आवाज येत होता. त्या मागच्या खोलीत राहतात. लोकांच्या मंगलकार्यांत स्वयंपाकाला जातात. मी बसलो. त्यांनी पाणी दिले.

मी विचारले, "बाकीच्या?"

"दोघी माझ्याबरोबरच स्वयंपाकाला येतात. बाकीच्या गेल्या कुठे कुठे."

"ठकुबाई?"

"आषाढात गेली." मग थांबून म्हणाल्या, "पुतण्याच्या घरी होती, मागडी रोडला. निरोप आला होता, बघून जा म्हणून. मी गेले नाही."

शिवणयंत्र थांबले, पुन्हा सुरू झाले.

"मी तिला चोर म्हणाले, अण्णा. वीस वर्षांनी. ती एवढंच म्हणाली, साहेबाचं वजन जड होतं. मी म्हटलं, सरकारचं वजन जड आणि तुझा हात बरोबर, असं कसं असेल?"

मी खिशात हात घातला. कागद बोटांना लागला.

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक सांगा. तुम्ही रोज तोलता. तिचा हात खरंच हलका झाला होता काय?"

मी म्हणालो, "काट्याने दाखवलं ते मी लिहिलं."

"म्हणजे झाला होता."

मी खिशातून हात बाहेर काढला.

"झाला होता तर बरं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी काय करणार होते?"

पाणी पिऊन उठलो. निघताना त्यांनी विचारले, तुम्ही कशासाठी आला होता? सहज, म्हणालो. या रस्त्याने चाललो होतो.

सत्यवतीबाईंना सांगून ठकुबाई परत आली नसती. त्यांच्या भल्यासाठीच गप्प बसलो. हे लिहून पुन्हा वाचले. अक्षर माझेच आहे.

१४ ऑक्टोबर

जुने नमुने नष्ट करण्याचा आदेश. मुदत संपलेले, खटला निकाली निघालेले. सीनियर इन्स्पेक्टरने समक्ष जाळून सही करायची. मागच्या अंगणात मानसिंगने लाकडे रचली.

नऊ शिक्षांचे अठरा पुडे. सत्यवतीबाईंचे दोन. पिवळा कागद विटला आहे, तुळशीचे चित्र ओळखू येते. लाखेवर माझी मोहर शाबूत.

मानसिंग रॉकेल आणायला गेला. मी एक पुडा खोलीत नेला, मोहर फोडली, पारड्यात ओतला. वास अजून होता.

दोनशे एक.

तो जास्तीचा एक ग्रॅम कोसरू. बोटांनी वर घातलेला. चिमटीत धरून पाहिला. हाताला काही लागत नाही.

पूड परत कागदात भरली आणि आगीत टाकली. तिखटाच्या धुराने आम्ही दोघे खोकत होतो. मानसिंग डोळे पुसत म्हणाला, "अरे देवा, मेल्यावरही सोडत नाही ही म्हातारी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माफ करा साहेब."

अहवालावर सही केली. नमुने अठरा, सर्व समक्ष नष्ट.

२६ ऑक्टोबर

महानवमी.

पेटी आता नव्या इन्स्पेक्टरकडे असते. विद्याधर नाव, कॉलेजातून नुकता आलेला. काल जाताना तो म्हणाला, पेटी पूजेला घरी नेऊ का, आई मागते. मी म्हणालो, नियमात काही लिहिलेले नाही. त्याला तळाविषयी सांगायचे होते. मग कशावरून सांगतो, ते सांगावे लागले असते. तो घेऊन गेला.

सकाळी आईने पाट मांडला. "वजनं कुठे आहेत?"

"आता माझ्याकडे नसतात."

"मग तुझं आयुध कोणतं?"

मी खिशातला पेन काढून दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, बुडाशी बोट लावून पाहिले.

"पोकळ नाही ना?"

मी म्हणालो, नाही.

तिने गंध लावले.